पीपीटी हलकी करताना : ३१२ एमबीपासून २१ एमबीपर्यंत

आमच्या वाचनालयाची व्याख्यानमाला दर मे महिन्यात भरते आणि गेली काही वर्षं मंचाच्या कडेला ठेवलेला लॅपटॉप माझ्याकडे असतो. मागच्या खेपेला वीरगळांवर (वीरांच्या स्मृतिशिळांवर) बोलायला एक निवृत्त शिक्षक आले होते. त्यांनी आदल्या दिवशी पीपीटी मेल करून पाहिली, ती गेली नाही, म्हणून संध्याकाळी पेनड्राइव्ह घेऊन स्वतःच आले. स्लाइड्स चाळीस आणि फाइल ३१२ एमबीची. वाचनालयाच्या लॅपटॉपमध्ये ४ जीबी रॅम आहे. तिसऱ्या स्लाइडला पडदा गोठला.

"अहो, फोटो तर मी केवढेसे करून ठेवलेत," सर म्हणाले. "एकेका स्लाइडवर चार-चार बसवलेत. मग एवढं वजन आलं कुठून?"

त्यांचा प्रश्न अगदी योग्य होता, आणि तोच आधी विचारायला हवा. बहुतेक जण फाइल जड झाली की सरळ एखादं 'कॉम्प्रेस' बटण शोधतात, नाहीतर इंटरनेटवरच्या कुठल्यातरी संकेतस्थळावर फाइल चढवतात. मग फोटो धूसर होतात आणि वजन मात्र फारसं उतरत नाही, कारण ते भलतीकडेच असतं. त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी दीड तास बसून फाइल २१ एमबीवर आणली. आम्ही ज्या क्रमाने गेलो, त्याच क्रमाने इथे सांगतो. मेन्यूंची नावं विंडोजवरच्या पॉवरपॉइंटची आहेत; बाकीच्या प्रणालींबद्दल पुढे लिहिलं आहे.

आधी मूळ फाइलची प्रत करा

पुढे जे काही करायचं ते प्रतीवर. फोटोतले पिक्सेल एकदा कमी करून फाइल सेव्ह केली की ते परत येत नाहीत. मूळ फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि प्रतीच्या नावात 'सभागृह' किंवा 'हलकी' असं काहीतरी लिहा, म्हणजे घाईत गोंधळ होणार नाही.

फाइल जुन्या .पीपीटी प्रकारातली असेल, तर 'सेव्ह ॲज' करून .पीपीटीएक्स करून घ्या. हा प्रकार ऑफिस २००७ पासून आला. नुसत्या या बदलानेही जुन्या फाइलचं वजन काही वेळा बरंच उतरतं. शिवाय पुढची पायरी फक्त .पीपीटीएक्सवरच चालते.

फाइल उघडून आत काय आहे ते बघा

.पीपीटीएक्स ही खरं तर झिप फाइल असते. आत मजकुराच्या, मांडणीच्या, फोटोंच्या वेगवेगळ्या फायली नीट लावून ठेवलेल्या असतात. प्रतीची आणखी एक प्रत करा आणि नावाच्या शेवटचं .पीपीटीएक्स खोडून तिथे .झिप लिहा (अर्थात इंग्रजी अक्षरांत). शेवटची अक्षरं दिसत नसतील तर फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'वर खूण करा. सेव्हन-झिप हा प्रोग्रॅम असेल तर नाव बदलायचीही गरज नाही. राइट क्लिक करून 'ओपन आर्काइव्ह' म्हटलं की झालं.

आत 'पीपीटी' नावाचा फोल्डर आणि त्यात 'मीडिया' नावाचा फोल्डर असतो. तो उघडा, 'डिटेल्स'चं दृश्य घ्या आणि आकारानुसार लावा. सर्वांत जड फाइल सगळ्यात वर येईल.

सरांच्या फाइलमध्ये चित्र असं होतं. ड्रोनचा सत्तर सेकंदांचा एक व्हिडिओ १४८ एमबी. फोनवर काढलेले बावीस फोटो, सरासरी साडेचार एमबीचे, म्हणजे ९९ एमबी. तीन फोटो पीएनजी प्रकारातले, मिळून ४५ एमबी. मोडी कागदाचं एक स्कॅन ९ एमबी. उरलेल्या ११ एमबीत स्लाइड मास्टरमधली (म्हणजे स्लाइड्सच्या मूळ साच्यातली) चित्रं, इफेक्टमागचे मूळ फोटो आणि एक अख्खं एक्सेल वर्कबुक.

ही यादी पाहिल्यावर कामाचा क्रम आपोआप ठरतो. अर्धं वजन एका व्हिडिओचं असताना फोटोंवर तासभर घालवण्यात काही अर्थ नव्हता. तुमच्या फाइलची यादी वेगळी असेल. पण ती पाहिल्याशिवाय हात लावू नका, एवढं मी आग्रहाने सांगेन.

एखादं चित्र नेमकं कुठल्या स्लाइडवर आहे हे कळत नसेल, तर ते उघडून पाहा. मीडियात आहे पण एकाही स्लाइडवर दिसत नाही असं चित्र बहुधा स्लाइड मास्टरमध्ये, स्लाइडच्या कडेबाहेर किंवा दुसऱ्या चित्राखाली दडलेलं असतं. ऑल्ट आणि एफ१० दाबलं की 'सिलेक्शन पेन' उघडतो आणि त्या स्लाइडवरच्या सगळ्या वस्तूंची यादी दिसते. आम्हाला एका स्लाइडच्या उजव्या कडेबाहेर 'पुढे लागला तर' म्हणून ठेवलेले दोन फोटो सापडले. सरांना त्यांची आठवणही नव्हती.

फोटो लहान दिसतो, पण जड का राहतो

सरांच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. स्लाइडवर फोटोचा कोपरा धरून तो लहान केला, तर फक्त त्याची चौकट लहान होते. मोठी सतरंजी घडी घालून कोपऱ्यात ठेवली म्हणून हलकी होत नाही, तसंच हे. क्रॉप केल्यावरही तेच: कापलेला भाग नजरेआड होतो, फाइलमध्ये जसाच्या तसा राहतो. आणि इथे वजनापेक्षा मोठी गोष्ट लक्षात घ्या. फाइल ज्याच्या हाती जाईल तो क्रॉप उघडून तो भाग बघू शकतो. फोटोच्या कडेला उभी असलेली मुलं, गाडीचा नंबर, रुग्णाचा चेहरा हे सगळं तुम्ही कापलंय असं समजून पाठवता आणि ते आत असतंच.

आता थोडा हिशेब करू. बारा मेगापिक्सेलचा फोन ४०००×३००० पिक्सेलचा फोटो काढतो. सभागृहातला प्रोजेक्टर बहुतेक वेळा १०२४×७६८ किंवा १२८०×८०० पिक्सेलचा असतो, चांगला असेल तर १९२०×१०८०. म्हणजे असा चांगला प्रोजेक्टरही एका वेळी साधारण २१ लाख पिक्सेल दाखवतो, आणि आपण एकेका फोटोमागे १ कोटी २० लाख देतो. पडद्यावर फोटो पाव भागात बसवला असेल तर वाया जाणारा वाटा आणखी मोठा.

लॅपटॉप अडकतो त्याचं कारणही इथेच आहे. डिस्कवर साडेचार एमबीचा दिसणारा जेपीजी फोटो दाखवण्यासाठी उलगडावा लागतो, आणि प्रत्येक पिक्सेलला तीन बाइट धरले तरी तो मेमरीत ३६ एमबी होतो. एका स्लाइडवर असे सहा फोटो म्हणजे २०० एमबीहून जास्त. म्हणून पेनड्राइव्हवर जागा भरपूर आहे, मेल करायचा नाही, तरीही पीपीटी हलकी करणं गरजेचं असतं.

पॉवरपॉइंटमध्येच हे करायचं असेल तर असं करा:

१. सगळी मांडणी आधी पक्की करा. फोटो ज्या आकारात दिसायला हवा, त्या आकारात आणून ठेवा.

२. कुठलाही एक फोटो निवडा. वर 'पिक्चर फॉरमॅट' टॅब येईल. त्यात 'कॉम्प्रेस पिक्चर्स'.

३. 'ॲप्लाय ओन्ली टू धिस पिक्चर' ही खूण काढा. ती आपोआप लागलेली असते. लोक ती तशीच ठेवतात, एकच फोटो हलका होतो आणि मग 'काही फरक पडला नाही' म्हणतात.

४. 'डिलीट क्रॉप्ड एरियाज' ही खूण राहू द्या.

५. रिझोल्यूशनमध्ये 'वेब, १५० पीपीआय' (पीपीआय म्हणजे एका इंचात किती पिक्सेल) निवडा आणि ओके करा. मग फाइल सेव्ह करा.

१५० च का? रुंद पडद्याची स्लाइड १३.३३ इंच रुंद आणि ७.५ इंच उंच असते. १५० पीपीआयला पूर्ण स्लाइडभर पसरलेला फोटो २०००×११२५ पिक्सेलचा होतो, म्हणजे फुल एचडीपेक्षा किंचित जास्त. ९६ पीपीआयला तोच १२८०×७२० होतो. जुन्या प्रोजेक्टरवर तो चालून जातो, पण चांगल्या टीव्हीवर मऊ दिसतो. वीरगळावरच्या शिल्पात तलवारीची मूठ, घोड्याचा लगाम, वरच्या चौकटीतलं शिवलिंग हे सगळं बारीक कोरीव असतं. तिथे ९६ वर उतरणं मला पटत नाही. उलट २२० ठेवायचं तर फोटो २९३३×१६५० चा होतो, आणि सभागृहात तो फरक कुणाला दिसत नाही. कागदावर छापायचं असेल तरच २२० ठेवा. काही पर्याय फिके दिसले, निवडता येत नसले, तर त्याचा अर्थ तुमचा फोटो त्या मर्यादेच्या खालीच आहे.

मांडणी पक्की करायला मी आधी सांगितलं त्याला कारण आहे. पीपीआयचा हिशेब फोटो स्लाइडवर आता केवढा आहे त्यावरून होतो. चार इंच रुंदीचा फोटो १५० ला ६०० पिक्सेलचा उरतो. नंतर तो ओढून स्लाइडभर केलात तर फुटेल. तेव्हा मूळ फोटो पुन्हा टाकण्यावाचून इलाज नाही.

मला स्वतःला मात्र फोटो पीपीटीत टाकण्याआधीच लहान करणं जास्त आवडतं, कारण तेव्हा दर्जा आपल्या हातात असतो. विंडोजवर पॉवरटॉइज बसवलं की फोटोंवर राइट क्लिक करून एकदम सगळ्यांचा आकार बदलता येतो. इरफानव्ह्यूमध्ये 'बॅच कन्व्हर्जन' आहे. मॅकवर 'प्रिव्ह्यू'मध्ये 'ॲडजस्ट साइझ'. लांब बाजू १९२० पिक्सेल आणि जेपीजीची गुणवत्ता ८० ते ८५ ठेवली की साडेचार एमबीचा फोटो बहुतेक वेळा अर्ध्या एमबीच्या आसपास येतो. मग फोटो 'इन्सर्ट' मधून टाका. पीपीटीत आधीच असलेला फोटो बदलायचा असेल तर त्यावर राइट क्लिक, 'चेंज पिक्चर', 'फ्रॉम अ फाइल'. जागा आणि आकार तसाच राहतो, पुन्हा मांडणी करत बसावं लागत नाही.

आणखी एक सेटिंग बघून ठेवा: 'फाइल', 'ऑप्शन्स', 'ॲडव्हान्स्ड', तिथे 'इमेज साइझ अँड क्वालिटी'. 'डू नॉट कॉम्प्रेस इमेजेस इन फाइल' ही खूण असेल तर काढा. 'डिस्कार्ड एडिटिंग डेटा' ही खूण लावा. फोटोची पार्श्वभूमी काढली किंवा कलात्मक इफेक्ट दिला की पॉवरपॉइंट मागे मूळ फोटोची एक जड प्रत जपून ठेवतं. मीडिया फोल्डरमध्ये तिच्या नावाच्या शेवटी डब्ल्यूडीपी असतं. ही खूण लावून सेव्ह केलं की ती जाते. अर्थात मग 'रीसेट पिक्चर' करून मूळ फोटो परत मिळत नाही.

पीएनजी झालेले फोटो

सरांच्या तीन फोटोंनी मिळून ४५ एमबी खाल्ले होते. बाकीचे साडेचार-साडेचार एमबीचे, मग हेच पंधरा-पंधराचे कसे? ते त्यांनी दुसऱ्या प्रोग्रॅममधून कॉपी करून पेस्ट केले होते. अशा वेळी फोटो पुष्कळदा पीएनजी होऊन येतो.

पीएनजी एकही पिक्सेल बदलत नाही. सपाट रंग, सरळ रेषा, आलेख, स्क्रीनशॉट यांना ते उत्तम. तिथे ते हलकंही असतं आणि अक्षरं धारदार राहतात. पण दगडाच्या पृष्ठभागावर शेजारशेजारचे दोन पिक्सेलही सारखे नसतात, त्यामुळे पीएनजीला दाबायला काही सापडत नाही. फोटो असेल तर जेपीजी. जेपीजी डोळ्याला न जाणवणारे फरक सोडून देतं. पारदर्शक पार्श्वभूमी हवी असेल तेव्हा मात्र पीएनजीच लागतं, कारण जेपीजीत पारदर्शकता नसते. आम्ही ते तिन्ही फोटो सरांच्या फोनमधून पुन्हा घेतले, लहान केले आणि 'चेंज पिक्चर'ने बसवले. पंचेचाळीसचे दीड एमबी झाले.

स्कॅन केलेली कागदपत्रं

इतिहासाच्या व्याख्यानांत ही अडचण हमखास येते. कुणीतरी सल्ला दिलेला असतो की जुना कागद ६०० डीपीआयने (म्हणजे इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा. जतन करण्यासाठी तो सल्ला चांगलाच आहे. पण ए-फोर आकाराचं पान ६०० डीपीआयला ४९६०×७०१६ पिक्सेलचं होतं, म्हणजे जवळपास साडेतीन कोटी पिक्सेल. ते जसंच्या तसं स्लाइडवर ठेवलं तरी श्रोत्यांना दिसतं काय? एक पिवळट आयत आणि त्यावर काळ्या मुंग्या.

सरांना त्या मोडी कागदातल्या दोनच ओळी दाखवायच्या होत्या. म्हणून एका स्लाइडवर संपूर्ण पान लहान करून ठेवलं, १०८० पिक्सेल उंचीचं. पुढच्या स्लाइडवर मूळ स्कॅनमधून त्या दोन ओळींचाच तुकडा कापून स्लाइडभर मोठा केला. तुकडा मूळ ६०० डीपीआयच्या स्कॅनमधला असल्यामुळे अक्षराचं वळण, मोडलेला काना, शाईचा फिका-गडद फरक सगळं स्वच्छ दिसत होतं. नऊ एमबीचं अर्ध्या एमबीच्या जरा वर आलं, आणि व्याख्यानाला ते जास्त उपयोगी पडलं. नकाशे, कुंडल्या, सातबारा, जुनी वर्तमानपत्रं, सगळ्यांना ही पद्धत लागू पडते. तुकडा मात्र बाहेरच्या प्रोग्रॅममध्ये कापा. स्लाइडवर क्रॉप करून थांबलात तर पूर्ण पान पुन्हा आत राहील.

शुद्ध काळ्या-पांढऱ्या मजकुराचं पान असेल तर ते करड्या छटांमध्ये पीएनजी करून बघा. जेपीजीत अक्षरांभोवती धुरकट कडा येते, ती इथे येत नाही.

व्हिडिओ

व्हिडिओचं वजन दोनच गोष्टींवर ठरतं: सेकंदाला किती माहिती खर्च होते आणि सेकंद किती. सेकंदाला १७ मेगाबिट खर्च करणारा व्हिडिओ सत्तर सेकंद चालला तर १७ गुणिले ७० भागिले ८, म्हणजे जवळपास १४९ एमबी. सरांचा व्हिडिओ साधारण एवढाच होता. सेकंद कमी करा नाहीतर मेगाबिट कमी करा. आम्ही दोन्ही केलं.

पहिल्यांदा सरांना विचारलं की यातलं नेमकं काय दाखवायचंय. ड्रोन वर जातं, गावावरून फिरतं, मग देवळामागे ओळीने उभे असलेले वीरगळ दिसतात. हवे होते शेवटचे पंचवीस सेकंद. व्हिडिओवर क्लिक करून 'प्लेबॅक' टॅबमधल्या 'ट्रिम व्हिडिओ'ने तेवढेच ठेवले. इथे बरेच जण थांबतात आणि वजन तसंच दिसल्यावर चक्रावतात. ट्रिम म्हणजे क्रॉपचंच भावंड: कापलेले सेकंद आतच असतात.

ते खरोखर जातात 'फाइल', 'इन्फो', 'कॉम्प्रेस मीडिया' यांत. तिथे फुल एचडी, एचडी आणि स्टँडर्ड असे तीन दर्जे मिळतात. म्हणजे अनुक्रमे १०८०, ७२० आणि ४८० ओळी. सभागृहासाठी मी एचडी घेतो. आमचा प्रोजेक्टर १२८०×८०० चा आहे, त्यावर ७२० ओळींच्या वरचं काही दिसणारच नाही. माणूस बोलतानाचा मुलाखतीचा तुकडा असेल, स्लाइडच्या एका भागात दिसणार असेल, तर ४८० सुद्धा पुरतं. काम संपल्यावर स्लाइड शो लावून व्हिडिओ शेवटपर्यंत बघा. आवडला नाही तर फाइल बंद करण्याआधी त्याच मेन्यूत 'अनडू' आहे. व्हिडिओत वेगळी उपशीर्षकं किंवा दुसरा ध्वनिमार्ग बसवलेला असेल तर या प्रक्रियेत तो जाऊ शकतो, हे ध्यानात ठेवा.

सरांचा व्हिडिओ ११ एमबीवर आला.

मॅकच्या पॉवरपॉइंटमध्ये ही सोय नाही. तिथे, आणि विंडोजवरही दर्जावर नीट ताबा हवा असेल तर, हँडब्रेक हा मोफत प्रोग्रॅम वापरा. त्यात 'फास्ट ७२०पी३०' नावाचं तयार सेटिंग आहे. 'रेंज'मध्ये 'सेकंड्स' निवडून हवे तेवढेच सेकंद घेता येतात, आणि वाऱ्याचा घरघराट नको असेल तर ध्वनिमार्ग काढून टाकता येतो. बाहेर येणारी एमपी४ फाइल पीपीटीत टाका.

'लिंक टू फाइल' असाही पर्याय असतो. त्यात व्हिडिओ पीपीटीबाहेर राहतो, पीपीटी अगदी हलकी दिसते. पण पेनड्राइव्हवर फक्त पीपीटी घेऊन आलेले आणि मंचावर काळा चौकोन बघत उभे राहिलेले वक्ते मी पाहिलेत. त्या क्षणी त्यांचा चेहरा बघवत नाही. म्हणून मी हा पर्याय टाळतो.

हलणारे जिफ असतील तर तेही तपासा. काही सेकंदांचं जिफ कित्येक एमबीचं असतं. त्याच हालचालीचा एमपी४ व्हिडिओ घेऊन 'प्लेबॅक'मध्ये 'स्टार्ट'ला 'ऑटोमॅटिकली' आणि 'लूप अन्टिल स्टॉप्ड' लावा. दिसायला तेच, वजन फारच कमी.

कोपऱ्यातलं सामान

वेगवेगळ्या पीपीटींतून स्लाइड्स आणून 'कीप सोर्स फॉरमॅटिंग'ने चिकटवल्या की प्रत्येकीबरोबर तिचं स्लाइड मास्टर येतं, त्यातल्या पार्श्वभूमीच्या चित्रांसकट. 'व्ह्यू', 'स्लाइड मास्टर' उघडा. डावीकडे दोन-चार मास्टर आणि त्यांखाली डझनभर लेआउट दिसले तर नको ते राइट क्लिक करून काढून टाका. वापरात असलेला लेआउट पॉवरपॉइंट काढू देत नाही, त्यामुळे लेआउट काढताना चुकण्याची भीती नाही.

एक्सेलमधला तक्ता वर्कशीट ऑब्जेक्ट म्हणून चिकटवला की दिसतात दहा ओळी, पण आत अख्खं वर्कबुक येतं, सगळ्या शीट्ससह. झिपमधल्या 'एम्बेडिंग्ज' फोल्डरमध्ये ते सापडतं. सरांच्या वर्कबुकचं वजन तीनच एमबी होतं, पण तालुकावार वीरगळांच्या तक्त्यामागच्या दुसऱ्या शीटवर ज्या ज्या गावकऱ्यांनी माहिती दिली त्यांची नावं आणि मोबाइल नंबर होते. पीपीटी नंतर श्रोत्यांना पाठवायची होती. सर पटकन म्हणाले, "हे आधी काढा." तक्ता कापला आणि 'पेस्ट स्पेशल'मधून चित्र म्हणून चिकटवला.

फॉन्टचा मुद्दा मराठी पीपीटीला जास्त लागू आहे. 'फाइल', 'ऑप्शन्स', 'सेव्ह' इथे 'एम्बेड फॉन्ट्स इन द फाइल' अशी खूण असते. फॉन्ट आत बसवले की दुसऱ्या संगणकावर अक्षरं बिघडत नाहीत, पण वजन वाढतं. एरियल युनिकोड एमएस या जुन्या फॉन्टची फाइल तर मुळातच २० एमबीहून मोठी आहे. युनिकोड मराठी निर्मला यूआयमध्ये टाइप केलंत तर फॉन्ट बसवायची गरजच पडत नाही. विंडोज ८ पासून तो प्रत्येक संगणकात असतो. मॅकवर दुसरा देवनागरी फॉन्ट लागला तर ओळी थोड्या सरकतील, मजकूर मात्र वाचता येईल. श्रीलिपी किंवा कृतीदेवसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये लिहिलं असेल तर फॉन्ट बसवावाच लागेल, नाहीतर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा खच दिसेल. तेव्हा 'एम्बेड ओन्ली द कॅरॅक्टर्स यूज्ड' निवडा. त्यात वापरलेली अक्षरंच जातात. दुसऱ्या कुणाला मजकूर दुरुस्त करायचा असेल तर हा पर्याय उपयोगाचा नाही.

पॉवरपॉइंट नसेल तर

लिब्रेऑफिस इम्प्रेसमध्ये 'टूल्स'खाली 'मिनिमाइझ प्रेझेंटेशन' आहे. वापरात नसलेले मास्टर, क्रॉप केलेले भाग, लपवलेल्या स्लाइड्स, चित्रांचं रिझोल्यूशन आणि एक्सेलसारखे ऑब्जेक्ट या सगळ्यांबद्दल ते एकामागून एक विचारत जातं. नवशिक्यांसाठी ही रचना मला पॉवरपॉइंटपेक्षा सोपी वाटते. फक्त .पीपीटीएक्स त्यात उघडून सेव्ह केल्यावर मांडणी कुठे हललीय का, हे स्लाइड-स्लाइड करून बघा. मॅकच्या कीनोटमध्ये 'फाइल'खाली 'रिड्यूस फाइल साइझ' आहे. मॅकच्या पॉवरपॉइंटमध्ये 'कॉम्प्रेस पिक्चर्स' 'फाइल' मेन्यूतच मिळतं. गूगल स्लाइड्समध्ये मात्र फोटो आधीच लहान करून टाकणं हाच चांगला मार्ग.

फाइल चढवा आणि हलकी करून घ्या, असं सांगणारी संकेतस्थळं खूप आहेत. कार्यालयाची कागदपत्रं, रुग्णांचे फोटो, विद्यार्थ्यांची माहिती, न छापलेलं संशोधन यांपैकी काहीही आत असेल तर त्या वाटेला जाऊ नका. वर सांगितलेलं सगळं आपल्याच संगणकावर, फुकटात होतं.

आणि पीपीटी झिप करून पाठवण्याने काही साधत नाही. ती आधीच झिप आहे आणि आतले जेपीजी, एमपी४ आधीच दाबलेले आहेत.

पाठवताना

जीमेलवर जोडपत्रांची मर्यादा २५ एमबी आहे. मेलमध्ये बसवताना फाइलचं वजन साधारण एक तृतीयांशाने वाढतं, म्हणून मी १८ एमबीच्या आत असेल तरच जोडतो. सरांची फाइल २१ एमबीची झाली होती, म्हणजे व्याख्यानाला उत्तम, मेलला थोडी जास्त. आयोजकांसाठी ती गूगल ड्राइव्हवर ठेवून लिंक दिली.

श्रोत्यांना पीपीटी पाठवायचीच गरज नव्हती. 'एक्स्पोर्ट'मधून पीडीएफ केली, 'मिनिमम साइझ' निवडून. व्हिडिओच्या जागी त्याचं स्थिर चित्र येतं, फॉन्टचा प्रश्न उरत नाही, आणि फोनवर बहुतेक वेळा वेगळ्या ॲपशिवाय उघडते. वाचनालयाच्या व्हॉट्सॲप गटात जिल्ह्यातल्या लहान गावांतली माणसंही आहेत. संध्याकाळी नेटवर्क मंद असतं, दिवसाचा डेटा संपत आलेला असतो. तिथे शंभर एमबीची फाइल टाकली तर बरेच जण उघडतच नाहीत, आणि सरांनी वर्षानुवर्षं पायी फिरून जमवलेले फोटो बघायचे राहून जातात. मला ते फार लागतं.

सभागृहात

दुसऱ्या दिवशी कार्यक्रमाच्या तासभर आधी आम्ही वाचनालयाच्या लॅपटॉपवर फाइल डेस्कटॉपवर उतरवली. पेनड्राइव्हवरून थेट चालवू नका. पहिल्या स्लाइडपासून शेवटपर्यंत शो चालवला, व्हिडिओ आवाजासकट पाहिला. मग मी लॅपटॉपशी थांबलो आणि सर सगळ्यात मागच्या रांगेतल्या खुर्चीत जाऊन बसले. प्रत्येक फोटोला त्यांनी हात वर करून 'ठीक' म्हटलं. एकाच ठिकाणी थांबले: सतीशिळेवरचा कोपरातून वाकलेला हात. फोटो स्लाइडच्या पाव भागात होता आणि त्यांना तो हात मोठा करून दाखवायचा होता. मूळ फोल्डरमधून तो एक फोटो काढला, हाताचा भाग बाहेर कापला, १९२० पिक्सेलचा केला आणि नव्या स्लाइडवर लावला. फाइल अर्ध्या एमबीने वाढली. बांगड्या मोजता येत होत्या.